वाळणारा घाम

मे महिन्यात ठाण्याच्या उपवन तलावाच्या काठाला सकाळी सहालाच गर्दी होते, कारण आठनंतर तिथं फिरणं म्हणजे शिक्षाच. त्या दिवशी हवा अगदी पडलेली होती. एरवी येऊरच्या डोंगराकडून एखादी तरी झुळूक येते, तीही नव्हती. माझ्या पुढं एक गृहस्थ धावत होते, पन्नाशीचे असतील, अंगात काळा चकचकीत प्लॅस्टिकचा सूट. गळ्याला, मनगटांना, घोट्यांना इलॅस्टिक. पाऊल पडलं की सुटाची चरचर ऐकू यायची. बाकापाशी ते थांबले, डाव्या बाहीचं इलॅस्टिक दोन बोटांनी ओढलं आणि हात खाली सोडला. बाहीतून चक्क धार लागली. फरशीवर थारोळं झालं. सोबतचा तरुण मुलगा मोबाइलवर शूटिंग करत होता. त्याचं झाल्यावर त्यांनी उजवी बाही मोकळी केली, पुन्हा धार. मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो, एवढ्या उकाड्यात हे अंगात घालून धावता, त्रास नाही होत?" ते छान हसले. "मॅडम, त्रास व्हायलाच पाहिजे ना! जिममध्ये एसी लावून ठेवतात, घामच निघत नाही. मग पैसे कशाचे भरायचे? हे बघा, तासाभरात दीड किलो जातं. घरी वजनकाटा आहे." पाणी वगैरे पिता ना, असं विचारलं तर म्हणाले, "आत्ता प्यायलं तर गेलेलं परत येईल की."

दीड किलो कशाचं, हे काही काट्यावर दिसत नाही.

माणूस वाईट नव्हता, उद्धट तर मुळीच नाही. उलट कष्टाची हौस असलेला. तरी ती बाहीतली धार दिवसभर माझ्या डोक्यातून जाईना. ऑफिसात एसीखाली बसून कामं उरकतानाही मला ते फरशीवरचं थारोळंच दिसत होतं. दीड किलो म्हणजे जवळपास दीड लिटर पाणी. शरीरानं ते रक्तातून काढलं, कातडीवर आणलं. कशासाठी, तर वाऱ्यानं ते उडवावं आणि उडताना अंगातली उष्णता सोबत न्यावी यासाठी. इथं वारा अंगाला शिवलाच नाही. पाणी खर्च झालं, उष्णता होती तिथंच राहिली. आणि अंग जितकं तापत जाईल तितका आणखी घाम शरीर पाठवत राहणार, बिचारं दुसरं करणार काय? तो घाम जितका जास्त, तितके गृहस्थ खूश.

याचा हिशेब तसा सोपा आहे. धावताना आपण जी ऊर्जा जाळतो तिच्यातली जेमतेम पाव हिस्सा प्रत्यक्ष हालचालीच्या कामी येते, बाकीची उष्णता होऊन बसते. सत्तर किलोचा माणूस ताशी 10 किलोमीटरच्या बेतानं धावला तर तासाला 700 किलोकॅलरीच्या आसपास जाळतो. म्हणजे सव्वापाचशे-साडेपाचशे किलोकॅलरी उष्णता अंगाबाहेर घालवायची सोय हवी. नाही घालवली तर दर सहा-सात मिनिटांना अंग एका अंशानं चढेल. अर्ध्या तासात 37 चं 41 च्या पुढं जाईल. आता दुसरी बाजू. एक लिटर घाम पुरता वाळला तर तो साधारण 580 किलोकॅलरी घेऊन जातो. किती बेतशीर जमवून ठेवलंय बघा. तासभर धावणं, लिटरभर घाम, खातं चुकतं. अट एवढीच की घाम अंगावर वाळला पाहिजे. भुवईवरून टपकलेला, बनियनमधून पिळून काढलेला, बाहीतून ओतलेला घाम जमेत धरायचा नाही.

अकोल्याच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. त्याच्या खिडकीत कूलर असतो.

आमच्या घरी एप्रिल लागला की माळ्यावरून कूलर उतरायचा. पत्र्याचा, हिरव्या रंगाचा, कोपऱ्यांत गंजलेला. बाबा गावातून गवताच्या नव्या ताट्या आणायचे आणि त्या पहिल्यांदा भिजल्या की घरभर जो वास सुटायचा, त्याला मला आजही नाव देता येत नाही. लाकडाचा, पाण्याचा आणि सुट्टीचा असा काहीतरी मिळून. दिवसातून दोनदा बादल्यांनी टाकी भरायची पाळी आम्हा बहिणींची. बाहेर 45, आणि कूलरपुढं बसलं तर अंगावर शहारा. पण मृग लागला, पहिले दोन पाऊस झाले, की तोच कूलर अंगाला चिकट हवा फेकायला लागायचा. मग आई म्हणायची, "पंप बंद कर, नुसता पंखा राहू दे." हवाच ओली झाल्यावर ती ताट्यांमधलं पाणी उचलणार कुठून? माणसाचं शरीर म्हणजे असाच एक कूलर आहे. कातडी ही त्याची ताटी, हृदय हा पंप, आणि पंखा म्हणजे जो काही वारा नशिबी असेल तो. त्या काळ्या सुटातल्या गृहस्थांनी कूलरला ताडपत्री गुंडाळून पंप जोरात सोडला होता.

ठाण्यात राहायला आले तेव्हा अकोल्याची म्हणून मला जरा गुर्मीच होती. इथला मे म्हणजे 33, फार तर 34. ताई अजूनही फोनवर म्हणते, "तुमचं काय बाई, मजा आहे, समुद्र आहे." तिला मी एकदा समजावून सांगायचा प्रयत्न केला. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला तर तो जो आकडा दाखवतो तो खरा आकडा, कारण घाम वाळून अंग कुठवर थंड होऊ शकतं याची ती सीमा असते. अकोल्यात दुपारी 44 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्यातला थर्मामीटर 23 च्या आसपास थांबतो. आमच्याकडं 33 अंश आणि 75 टक्के आर्द्रता असली की तो 29 दाखवतो. ताईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हो, पण तुमच्याकडं पाय भाजत नाहीत ना." तेही खरंच. तिच्याकडचं ऊन दार उघडताच थोबाडीत देतं, त्यामुळं कोणी त्याच्याशी पंगा घेत नाही. इथला उकाडा गोड बोलत राहतो. त्या ओल्या फडक्याच्या थर्मामीटरचं महत्त्व लष्करालाही कळलं. 1950 च्या दशकात अमेरिकेच्या पॅरिस आयलंडच्या छावणीत मरीन रंगरूट कवायत करता करता उष्माघातानं पडायचे, तेव्हा तिथं एक निर्देशांक बसवला गेला. त्यात ओल्या थर्मामीटरला 70 टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या थर्मामीटरला 20, आणि आपण टीव्हीवर बघून सुस्कारे सोडतो त्या नेहमीच्या तापमानाला फक्त 10. कवायत घ्यायची की नाही, आणि हल्ली शर्यत घ्यायची की नाही, ते याच आकड्यावर ठरवतात.

दमट हवा काय करू शकते ते 2019 मध्ये दोह्याला दिसलं. जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेतली बायकांची मॅरेथॉन उन्हाच्या धास्तीनं मध्यरात्रीला एक मिनिट कमी असताना सुटली. ऊन नावालाही नव्हतं. तरी हवा 32 अंशांवर आणि आर्द्रता सत्तरीच्या वर. सुरुवातीच्या रेषेवर 68 जणी होत्या, शेवटच्या रेषेवर 40 पोचल्या. जगातल्या सर्वांत तयारीच्या बायका, आणि त्यातल्या 28 जणी रस्त्यातच थांबल्या. मुख्य स्टेडियममध्ये मात्र एसी होता, हे वाचून मला उगाच आमच्या ऑफिसची आठवण झाली.

एक गोष्ट धावणाऱ्या प्रत्येकानं अनुभवलेली असते. धावताना घाम बरा असतो, आणि थांबलं की तो फुटतो. आपण थांबलो, म्हणजे आपणच तयार केलेला वारा थांबला. आतली भट्टी मात्र लगेच विझत नाही. म्हणून बंद खोलीतल्या ट्रेडमिलवर, पंख्याशिवाय, रस्त्यापेक्षा जास्त हाल होतात. तलावाच्या दुसऱ्या टोकाला, जिथं झाडी संपते आणि रस्ता उघडा पडतो, तिथं मी थांबते ते त्यासाठीच. तिथं ऊन आहे पण वारा आहे. सावली की वारा यांतलं एकच मिळणार असेल तर सकाळी साडेसहाला मी वारा घेते. नऊ वाजता विचाराल तर सावली. त्याहून उशीर झाला तर घर.

आजीला ओलं फडकं ठाऊक होतं, थर्मामीटर ठाऊक नव्हता. आमच्याकडं वैशाखात शेतावरची कामं पहाटे सुरू होत आणि ऊन तापायच्या आत माणसं झाडाखाली येत. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा. त्या खिशातल्या कांद्यानं नेमकं काय होतं ते मला आजवर कुठल्या डॉक्टरनं पटेल असं सांगितलेलं नाही. पण कांदा खिशात टाकताना माणूस "आज ऊन आहे" एवढं मनाशी म्हणतो, तेही थोडं नाही. घरी आल्यावर आजीचा दंडक होता, आधी हातपाय, तोंड धुवायचं. पाणी नंतर, तेही माठातलं, बसून. आम्ही पोरं वैतागायचो, घशाला कोरड पडलेली आणि ही हातपाय धुवायला लावते. पुढं कधीतरी वाचनात आलं की तळहात, तळपाय आणि चेहरा इथल्या कातडीखाली रक्ताच्या खास नळ्या असतात, धमनीतून थेट नीलेत जाणाऱ्या. अंग तापलं की त्या मोकळ्या होतात आणि भरपूर रक्त कातडीजवळ आणून थंड करून परत पाठवतात. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या क्रेग हेलर आणि डेनिस ग्राहन यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं, व्यायामाच्या मधे तळहात गार करायचं यंत्रही बनवलं. त्यानं ताकद किती वाढते यावर वाद आहेत, ते असोत. मला त्यातली एक बारीक गोष्ट आवडली. पाणी बर्फासारखं असेल तर या नळ्या आकसतात आणि सगळा खेळ बिघडतो. पाणी गार हवं, बोचरं नको. माठातलं.

पण आजीच्या सगळ्याच गोष्टींना मी मान डोलावणार नाही. "ऊन लागलं" म्हणून अंथरुणात पडलेल्याला पन्हं पाजून झोपवून ठेवायची तिची रीत मला आता भीतीदायक वाटते. नुसता थकवा आणि गरगर असेल तर पन्हं उत्तमच, त्यात मीठ आहे, साखर आहे, पाणी आहे. पण व्यायाम करता करता माणूस असंबद्ध बोलायला लागला तर प्रश्न तहानेचा राहिलेला नसतो. एका शर्यतीत मी स्वयंसेवक म्हणून वैद्यकीय तंबूजवळ उभी होते. एका मुलीला दोघांनी धरून आणलं. तिला नाव विचारलं तर ती पत्ता सांगत होती, तोही कुठला कोण जाणे. अंग ओलं होतं, घाम चालू होता. उष्माघातात घाम थांबतो असं आपण शाळेत घोकलेलं असतं. धावणाऱ्यांच्या बाबतीत तसं असेलच असं नाही. तंबूत लहान मुलांचा हवा भरायचा टब होता, निळा, त्यावर बदकांची चित्रं. त्यात पाणी आणि बर्फाच्या लाद्यांचे तुकडे. डॉक्टरीणबाईंनी तिला सरळ त्यात गळ्यापर्यंत बसवलं. ती किंचाळली, शिव्या दिल्या, एका स्वयंसेवकाला चावायला गेली. कुणीतरी म्हणालं, अँब्युलन्स आलीय, हलवायचं का? बाई म्हणाल्या, "आधी थंड, मग अँब्युलन्स." अंग 40 च्या वर असताना जाणारं प्रत्येक मिनिट महागात पडतं, आणि ट्रॅफिकमधल्या अँब्युलन्सपेक्षा बदकांचा टब जवळ असतो. काही मिनिटांनी ती मुलगी कुडकुडत म्हणाली, "माझे बूट का भिजवले?" बाईंनी तेव्हा पहिल्यांदा श्वास सोडला.

प्लॅस्टिकच्या सुटाकडं परत येते, कारण त्याचा एक पूर्वज आहे. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकची मॅरेथॉन जुलैच्या दुपारी झाली, स्वीडनच्या मानानं भयंकर उकाड्यात, 32 अंशांच्या आसपास. पोर्तुगालचा फ्रान्सिश्कु लाझारु हा सुतारकाम करणारा धावपटू. उन्हानं कातडी भाजू नये म्हणून त्यानं अंगाला मेण-चरबी फासली होती असं सांगतात. म्हणजे घामाची वाट त्यानं आपल्या हातानं बुजवली. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्याच शर्यतीत जपानचा शिझो कानाकुरी उन्हानं बेजार होऊन वाटेतच थांबला आणि कुणाला न सांगता मायदेशी परतला. 1967 मध्ये स्वीडिश लोकांनी त्याला बोलावून उरलेली शर्यत पुरी करायला लावली. वेळ लागली 54 वर्षं आणि काही महिने. या दुसऱ्या गोष्टीवर सगळे हसतात आणि ती सांगतात. पहिली कोणी फारशी सांगत नाही.

कुस्तीतलं आणखी जवळचं. अमेरिकेत 1997 च्या शेवटी, महिना-सव्वा महिन्याच्या आत, कॉलेजात शिकणारे तीन मल्ल वजन उतरवता उतरवता मेले. गरम खोलीत, रबरी सूट घालून, सायकल मारत, पाणी तोडून. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सुटावर बंदी आली. आणि आपल्याला पॅरिस ऑलिम्पिक तर आठवतंच. 2024 च्या ऑगस्टमध्ये विनेश फोगाटचं वजन 50 किलोच्या गटात 100 ग्रॅम जास्त भरलं. आदली अख्खी रात्र ती धावत होती, सॉनात बसत होती, केससुद्धा कापले. त्या 100 ग्रॅमवर आपण सगळ्यांनी आठवडाभर चर्चा केली, आणि त्या रात्रीत तिच्या हृदयानं काय सोसलं असेल यावर फारच थोडी. घट्ट झालेलं रक्त, त्यातलं अर्धं कातडीकडं धावतंय, अर्धं मांड्यांकडं, आणि मधे ते बिचारं ओढाताण करतंय. मल्लाला निदान काट्याचं कारण असतं. उपवनच्या गृहस्थांना कुठल्या गटात लढायचं होतं? जुन्या तालमींत याच्या उलट चालायचं. पहाटेचा अंधार, हौदातली तांबडी माती, तिच्यात ताक, लिंबू, हळद, तेल कालवलेलं. जोर-बैठका झाल्या की थंडाई. मल्ल मातीत लोळून उठायचा, तिथं घाम मोजायला काटा नव्हता.

यात मी स्वतःला फार वेगळं काढत नाही. मलाही घामात न्हाऊन घरी येण्याचा माज आहे. भिजलेला टी-शर्ट दोरीवर टाकताना आज काहीतरी केलं असं वाटतं, आणि हिवाळ्यात तेवढंच अंतर कोरड्या अंगानं धावले तर काही केलंच नाही असं वाटतं. शरीराच्या दृष्टीनं हिवाळ्यातलं धावणं जास्त चोख असतं. हे कळतं, तरी मन मेमधल्या त्या चिंब टी-शर्टालाच गुण देतं. आणि एक टोचणीही असते. मी बूट घालून, हौसेनं, साडेसहाला तापते आणि आठला आंघोळ करते. माझ्या परतीच्या वाटेवर इमारतीचं काम चाललंय, तिथल्या बायका तेव्हा कामाला लागत असतात. त्यांना उष्णतेची सवय असते असं आपण म्हणतो. सवय खरीच असते. दहा-चौदा दिवस उन्हात राबलं की शरीरात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं. मी मेमध्ये लग्नाला अकोल्याला जाते तेव्हा अंग नुकतं रुळायला लागतं आणि रजा संपते. पण सवयीनं हवेतली वाफ कमी होत नाही. रुळलेलं शरीर जास्त घाम काढतं, आणि दमट हवेत तो जास्तीचा घाम सिमेंटच्या पाटीवरच टपकतो.

हे सगळं पुराण मी लावलं त्याचं निमित्त उपवन होतं, पण खरी काळजी माझ्या भाच्याची. ताईचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय. अकोल्याबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पहाटे पोरांचे घोळके धावताना दिसतात, त्यातला एक. सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. सोळाशेला 20 गुण, आणि गुण सेकंदावर कापले जातात. पोरगा पहाटे छान पळतो. त्याचं म्हणणं, पळण्याचं टेन्शन नाही, थांबण्याचं आहे. ग्राउंडवर पहाटेच बोलावतात, कागदपत्रं, उंची, छाती, मग चेस्ट नंबर, मग रांग. नंबर सातला येईल की बाराला, नशीब. गेल्या खेपेला त्याचा मित्र उन्हात बसून बसून शिट्टी होईपर्यंतच अर्धा झाला होता. पाच-सहा मिनिटांची ती धाव, उष्णतेनं एवढ्यात माणूस सहसा पडत नाही. पण आधीचे चार तास अंग तापत आणि सुकत गेलेलं असेल तर पहिल्या फेरीतच पाय जड होतात.

यावर मला सांगण्यासारखं होतं आणि मी आनंदानं सांगितलं. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकला ऑस्ट्रेलियाचे रोइंगपटू शर्यतीआधी बर्फ भरलेली जाकिटं घालून बसायचे. शर्यत सुरू व्हायच्या आत अंग थोडं गार करून ठेवायचं, म्हणजे तापायला आतून जागा उरते. पुढं जाकिटाऐवजी बर्फाचा चुरा पिण्याचे प्रयोग झाले. किलोभर बर्फ नुसता वितळायला 80 किलोकॅलरी घेतो, आणि त्या पोटातून घेतो. भाचा म्हणाला, "म्हणजे गोळा?" मी म्हटलं, हो, गोळाच. फक्त गाडीवरचा नको, तिथला बर्फ कुठल्या पाण्याचा असतो देव जाणे. घरून थर्मासमध्ये ने, लिंबू-मीठ-साखर घालून. पाणी घोट घोट पी, धास्तीनं ढोसू नको, नुसतं पाणी लिटरच्या लिटर ढोसलं तर रक्तातलं मीठ उतरतं आणि त्यानंही माणसं दगावलीत. कपाळाला पुदिन्याचा मलम चोळतात पोरं, त्यानं गार वाटतं, पण वाटतंच, अंग एक अंशही उतरत नाही. दुपट्टा भिजवून मानेवर, डोक्यावर घे. तुमची हवा कोरडी आहे, दुपट्टा वाळेल आणि तेवढा तुझा घाम वाचेल. तळहातांवर गार पाणी घे. आणि नंबर येईपर्यंत सावलीत बस.

तो सगळं ऐकून घेत होता. मग म्हणाला, "मावशी, सावलीत जाऊन बसलो अन् तिकडं नंबर पुकारला तं?"

मी म्हटलं, मित्राला उभं कर. "त्याचा नंबर बी माह्याच मागं राह्यते." मग आईला ने सोबत, ती गेटाबाहेर राहील, थर्मास धरेल, दुपट्टा भिजवून देईल. पलीकडून ताईचा आवाज आला, "मी तर केव्हाची म्हणून राह्यली, येतो म्हणून!" भाचा म्हणाला, "नाई ना. पोरं हसतीन." बराच वेळ त्या दोघांचं तिकडंच जुंपलं, मी फोन कानाला लावून बसले. थर्मास कुणाचा, दुपट्टा कुठला, गुलाबी नको, बाबांचा पांढरा दे, असं बरंच काही. शेवटी तह झाला तो असा, की दुपट्टा जाईल, थर्मास जाईल, आई जाणार नाही.